तळाचे रंग : प्रकल्प नोंदी, मे ते ऑगस्ट २०२५

२७ मे, आंजर्ले खाडी

यंदा पाऊस मे संपायच्या आधीच कोकणात उतरला. मासेमारीची बंदी नेहमीसारखी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. पण समुद्र खवळल्यावर तारखेची वाट कोण बघतो. हर्णैच्या बऱ्याच बोटी आत्ताच खाडीत आल्यात. काही गाळात बसल्यात, काही ओंडक्यांवरून वर ओढून घेतल्यात आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिलेत. दापोलीहून आसूदमार्गे स्कूटरने यायला पाऊण तास लागला, रस्त्यावर पाणी होतं.

प्रकल्प बोटींच्या तळाचा आहे. जो भाग वर्षातले दहा महिने पाण्याखाली असतो आणि दोनच महिने उघड्यावर येतो, त्याच्या रंगांचा. वरचा भाग सगळेच टिपतात: पताका, झेंडे, रंगवलेली नावं. खालच्या तांबड्या तळाकडे रंगारी आणि सुतार सोडले तर कुणी बघत नाही. मला त्यातून अमूर्त चित्रं हवी आहेत. ज्यात रंग हाच विषय असेल.

स्वतःसाठी नियम लिहून ठेवते. चौकटीत बोट ओळखू येता कामा नये. नाळ (बोटीचं पुढचं टोक) नाही, सुकाणू नाही, नोंदणी क्रमांक नाही, आभाळ नाही, चिखल नाही. फक्त पृष्ठभाग आणि रंग. शेवटी बारा चित्रं. प्रत्येक फ्रेमची वहीत नोंद: कुठली बोट, कुठली बाजू, टोकापासून किती हात, जमिनीपासून किती वर.

२ जून

९२ फ्रेम्स, कामाची एकही नाही.

ओला तळ आरशासारखा वागतो. रंगावर आभाळाची पांढुरकी साय चढते आणि तांबड्याचा मळकट गुलाबी होतो. भिंगावर पोलरायझर फिल्टर लावून बघितला. तो चमक कापतो, पण तिरप्या कोनातून. समोरची सरळ रेघ सोडून साधारण ५५ अंश बाजूला गेलं की त्याचा जोर सगळ्यात जास्त. मला तर अगदी समोरून, काटकोनात टिपायचंय. तिरपं टिपलं की खोली येते, खोली आली की तळाचा फुगवटा येतो, आणि फुगवटा दिसला की बोट आलीच. समोरून पोलरायझर जवळजवळ निकामी.

उपाय छत्रीत सापडला. लांब दांड्याची काळी छत्री कॅमेऱ्याच्या मागे उघडी धरली की तळासमोर आभाळाऐवजी काळं कापड येतं. चमक जाते, ओल राहते. ओला रंग कोरड्यापेक्षा भरदार दिसतो तो याचमुळे: पाण्याची पातळ साय खडबडीत पृष्ठभागावरचे खड्डे भरून काढते आणि इकडेतिकडे विखुरणारा पांढरा उजेड कमी होतो. चमक काढली की तो भरदारपणा निखळ हाती लागतो. उद्यापासून छत्री धरायला शेजारचा मुलगा येणार आहे, शाळा सुरू होईपर्यंत.

५ जून

दिवसभर झोड. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

९ जून

तांबड्याने आज धडा दिला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं ठीक होतं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेपासून लांब होता. घरी मोठ्या पडद्यावर उघडलं तर तांबडा भाग म्हणजे नुसती पाटी. ब्रशचे ओघळ, मिठाचे ठिपके, खरवडल्याच्या रेघा, सगळं एका सपाट डागात बुडालेलं. पडद्यावरचा हिस्टोग्राम एकूण उजेडाचा होता. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघितले तर लाल कधीच भरून सांडलेला. हिरव्यानिळ्यात फार काही नव्हतंच, म्हणून एकूण आकडा साळसूद दिसत राहिला.

यात सेन्सरच्या रचनेचाही हात आहे. त्यावरच्या ठिपक्यांतले निम्मे हिरव्यासाठी असतात, एक चतुर्थांश लालसाठी, एक चतुर्थांश निळ्यासाठी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी केली, पेटंट १९७६ चं. आपला डोळा हिरव्याच्या आसपास सगळ्यात तल्लख, म्हणून हिरव्याला जास्त वाटा. निखळ तांबड्याचं सगळं बारीक काम मग त्या चौथाई ठिपक्यांवर येऊन पडतं. ते भरून गेले की उरतं काय?

आता तिन्ही हिस्टोग्राम वेगळे लावून ठेवलेत आणि तांबडा समोर असला की एक ते सव्वा स्टॉप कमी उजेड घेते; एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड. फोटो तिथल्या तिथे काळपट दिसतो. दिसू दे.

अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांचं ते लाल छत आठवलं. ग्रीनवुड, मिसिसिपी, १९७३: लालभडक छत, मधोमध उघडा बल्ब, त्यातून तीन बाजूंना गेलेल्या पांढऱ्या वायरी. ते त्यांनी डाय ट्रान्सफर पद्धतीने छापलं. आधी जाहिरातींच्या कामात वापरली जाणारी ही महागडी पद्धत; तिच्यात प्रत्येक रंगाचा जोर वेगळा राखता येतो. छापील पानावर तो लाल आपल्या मनासारखा उतरलेला कधीच बघितला नाही, असं स्वतः एगलस्टन यांनीच म्हटलंय. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांची रंगीत छायाचित्रं लागली तेव्हा टीकाकारांनी झोडपून काढलं होतं. गंभीर छायाचित्र म्हणजे कृष्णधवल, रंग म्हणजे जाहिरात आणि घरगुती अल्बम, असा तेव्हा समज होता. मला त्या छतात सगळ्यात जास्त भावतात त्या पांढऱ्या वायरी. त्यांच्यामुळेच लाल किती लाल आहे ते कळतं.

१४ जून

आज शाकारणी. पूर्वी बोटी झावळ्यांनी शाकारायचे, आता बहुतेकांवर निळी ताडपत्री आहे. ती दोन्ही बाजूंनी खाली आणून दोरीने ओढून बांधतात, तिच्या आणि तळाच्या मध्ये माणूस वाकून जाईल एवढी बोळ तयार होते. त्या बोळीत चार तास काढले.

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं सगळं निळं. हात निळे, चिखल निळा, तळ काळपट जांभळा. मग डोळे सरावतात आणि तळ पुन्हा तांबडा दिसायला लागतो. उजेड तोच, तळ तोच. बदलतो तो आपला डोळा, तो आपल्या नकळत निळं वजा करतो. कॅमेरा असं काही वजा करत नाही. तो पहिल्या क्षणाला दिसला तोच काळपट जांभळा शेवटपर्यंत दाखवत राहतो.

रीतीप्रमाणे ग्रे कार्ड, म्हणजे राखाडी पुठ्ठा, धरून व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे उजेडाची झाक काढून टाकली. कार्ड राखाडी झालं, तळ तांबडा झाला आणि फोटो मेला. त्यातली निळी बोळ गेली, दबलेला उजेड गेला. उरला तो बाहेरच्या मोकळ्या उजेडात काढल्यासारखा एक फोटो, तोही दाणेदार, कारण ताडपत्रीतून लाल उजेड आत जेमतेम येतो आणि जे नाही ते ओढून ताणून वाढवलं की दाणे वाढतात.

आणि काहीच दुरुस्त केलं नाही तर? मग नुसती निळी झाक, फिल्टर लावल्यासारखी.

रंगाचं काम करणारे काका बाहेर बिडी ओढत बसले होते. साठीच्या पुढचे, पाजपंढरीचे. त्यांना विचारलं, "काका, आतमध्ये तळाचा रंग कोणता दिसतो तुम्हाला?"

"तांबडा."

"निळा नाही दिसत?"

"ताडपत्री निळी आहे, बाय. तळ कशाला निळा होईल?"

हे बोलणं डोक्यातून जाईना. त्यांना वस्तूचा रंग आणि उजेडाचा रंग एकाच वेळी, वेगवेगळे दिसतात. फोटोत ते दोन्ही एकमेकांत मिसळून कागदावर एकच होऊन बसतात, आणि मग ते वेगळे करायचे तर बघणाऱ्याला कशाचा तरी आधार लागतो. एखादी गोष्ट जिचा खरा रंग त्याला माहीत आहे. लाकडाची चीर, गंजलेला खिळा, पांढरं बार्नेकल (तळाला चिकटून बसणारा कवचाचा जीव). माझ्या नियमात यातलं काहीच बसत नाही.

रात्री फाइल्स अर्ध्यावर आणून ठेवल्या: निम्मं निळं काढलं, निम्मं राहू दिलं.

२१ जून

एक प्रयोग, लांबचा. कॅनडाच्या छायाचित्रकार जेसिका ईटन राखाडी रंगाचे ठोकळे मांडतात आणि एकाच फिल्मवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून पुन्हापुन्हा उजेड घेतात. समोर रंग नसतानाच फिल्मवर झगझगीत चौकोन उमटतात. मुळात ही जुनी कल्पना आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला रंगीत चौकड्यांच्या फितीचा फोटो असाच तीन फिल्टरमधून घेऊन, तिन्ही प्रतिमा पडद्यावर एकावर एक टाकून दाखवला होता.

मी भरतीच्या वेळी तळाशी चाटणारं पाणी तिन्ही फिल्टरमधून पाठोपाठ टिपलं आणि तीन फ्रेम्स एकत्र केल्या. जे हललं नाही ते आपल्या मूळ रंगात आलं, जे हललं ते लाल-हिरव्या-निळ्या तुकड्यांत फुटलं. पाण्याच्या प्रत्येक लाटेला इंद्रधनुषी काठ. तिपाईचा एक पाय गाळात रुतत होता म्हणून दोन संचांत तळालाही रंगीत काठ आले, ते बाद.

दिसायला मोहक आहे. ठेवणार नाही. हे रंग मी आणले, ते तळाचे नाहीत. ईटन यांचा सगळा प्रश्नच रंग कसा घडतो हा आहे, म्हणून त्यांच्या कामात ते खरं वाटतं. माझा प्रश्न वेगळा.

२९ जून

पाचशेच्या वर फ्रेम्स झाल्या. आज त्यातल्या चाळीस लहान आकारात छापून जमिनीवर पसरल्या आणि दुपारभर बघत बसले.

जवळजवळ सगळ्या देखण्या. आणि जवळजवळ सगळ्या कुठल्याही वाटतात. ही भिंत असू शकते, ट्रकचा पत्रा असू शकतो, जुनं पिंप असू शकतं. पोपडे निघालेला रंग जवळून टिपला की तो चित्रासारखा दिसतोच, त्यात माझं किंवा बोटीचं काही लागत नाही. नियम तंतोतंत पाळलाय आणि हाती आला तो शोभेचा कागद.

अमेरिकन छायाचित्रकार आरन सिस्काइंड यांची चित्रं काढून बसले. १९४४ चा उन्हाळा त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला काढला, तेही मच्छीमारांचंच बंदर. तिथून त्यांचं काम बदललं: आधी ते न्यूयॉर्कच्या वस्त्यांचं सामाजिक छायाचित्रण करायचे, आता धक्क्यावर पडलेला हातमोजा, दोरखंड, सोललेले रंग अगदी समोरून, सपाट टिपू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांशी त्यांची दोस्ती झाली. पण तो हातमोजा बघा. तो हातमोजाच आहे. लाकडी फळ्यांवर पडलेला, बोटं आखडलेली. अमूर्त होण्यासाठी त्याला हातमोजा असणं सोडावं लागलेलं नाही.

उलट टोकाला जर्मन छायाचित्रकार वुल्फगांग टिलमन्स. त्यांच्या 'फ्रायश्विमर' मालिकेत कॅमेराच नाही. अंधाऱ्या खोलीत कागदावर थेट उजेड फिरवून केलेली भलीमोठी चित्रं, पाण्यात शाई सुटावी तसे रंगाचे धागे. ती मला फार आवडतात. पण तिथे वस्तू सुरुवातीपासूनच नाही, म्हणून लपवाछपवीही नाही. मी वस्तूसमोर उभी राहून ती नसल्यासारखं दाखवत होते. चूक तिथे आहे.

नियम बदलला. प्रत्येक चौकटीत एक, फक्त एक गोष्ट राहील जिच्यामुळे आकारमान कळेल: खिळ्याचं डोकं, फळ्यांचा सांधा किंवा बार्नेकलची खूण. बाकी सगळं रंगावर.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज दुपारी तीन तास उघडीप. काका पटाशीसारख्या चपट्या पात्याने तळ खरवडत होते, मी शेजारी. या प्रकल्पातला आजवरचा सगळ्यात चांगला दिवस.

तळाचा एक तळहाताएवढा तुकडा. वर पिठूळ, फिकट हिरवा थर. पात्याचा पहिला फटकारा बसला की त्याखालून विटकरी तांबडा निघतो, कडेला हिरवी किनार राहते. दुसऱ्या फटकाऱ्याला तांबड्याखालून पांढरी लांबी दिसते, भरलेली आणि मग तडकलेली. तिच्याखाली एक निळा, अंगणात उन्हात पडून विटलेल्या बादलीसारखा. आणि मग लाकूड, ओलं, तपकिरी, रेषा ठळक. हे सगळं एकाच वाटीसारख्या खळग्यात, एकाच्या आत एक, कडा वेड्यावाकड्या. मधोमध चौकोनी डोक्याचा खिळा, त्याच्याभोवती काळा डाग. खालच्या कोपऱ्यात बार्नेकल उपटून गेल्याची चुनखडी गोल खूण, चार आण्याच्या नाण्याएवढी.

मी वहीत लिहिलं होतं: 'जुना हिरवा, त्याखाली तांबडा.' म्हणजे बोट कधीतरी हिरवी होती असं धरून चालले होते. काकांना वाचून दाखवलं.

"हिरवा लावलाय कुणी?" ते म्हणाले. "तांबंच आहे ते. कळकलंय."

पाच हजार वेळा ऐकलेला शब्द. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, आजी टाकून द्यायची. तळाच्या या तांबड्या रंगात तांब्याचं संयुग असतं, क्युप्रस ऑक्साइड, आणि रंग तांबडा दिसतो तो त्याचाच. ते पाण्यात थोडंथोडं सुटत राहतं आणि बार्नेकलच्या बाळांना तिथे ठाण मांडू देत नाही. बोट उघड्यावर आली, खारी दमट हवा लागली की वरचा थर हिरवा पडतो. म्हणजे हिरवा आणि तांबडा हे दोन रंग नाहीतच. एकच रंग, पाण्यातला आणि हवेतला.

त्यानंतर प्रत्येक हिरवा वेगळा दिसायला लागला. जिथे टेकूखाली हवा लागली नाही तिथे तांबडा राहिलाय, टेकूच्या आकाराचा. ताडपत्रीच्या दोरीने घासलं तिथे तांबडी रेघ. पावसाचं पाणी जिथून निथळतं तिथे हिरव्याचे ओघळ. एवढे दिवस मी हे सगळं 'पोत' म्हणून टिपत होते.

१०० मिमी मॅक्रो, एफ/८, आयएसओ १००, छत्री डावीकडून. ३४ फ्रेम्स. त्यातल्या किमान चार राहतील.

७ जुलै

पुन्हा गेले. कालचा खळगा रात्रीच्या पावसाने धुऊन निघालाय, निळा अर्धा गळालाय. काल टिपला ते बरं झालं.

१२ जुलै

मुंबईत दुसऱ्या कामाला आले होते, तेवढ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डोकावले. तिथल्या जहांगीर निकोल्सन संग्रहात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आहेत. गायतोंडे नागपूरचे, १९२४ चा जन्म, मूळ घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे. मध्ये. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या कामाला अमूर्त म्हणणं त्यांना पसंत नव्हतं; ते 'नॉन ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे.

रंग लावायला त्यांच्या हातात रोलर आणि पॅलेट नाइफ. थर चढवायचा, ओढून काढायचा, कागद दाबून उचलायचा, पुन्हा चढवायचा. खरवडण्यातून रंग घडवणं हे काकांच्या पात्याशी इतकं जवळचं आहे की मी चित्रासमोरून हलू शकले नाही. फरक मोठा आहे, तोही तिथेच उभं राहून कळला. गायतोंडे यांच्या थरामागे दुसरा काही हेतू नाही, तो रंगासाठी रंग. तळाचा प्रत्येक थर कशासाठी तरी लावलाय: तांबडा बार्नेकल नको म्हणून, लांबी फट बुजावी म्हणून. त्या कारणांसकट तो रंग दाखवता आला तरच छायाचित्र काढण्यात अर्थ, नाहीतर ब्रश हाती घ्यावा.

१९ जुलै

प्रिंट्स आल्या आणि पोटात गोळा आला. ताडपत्रीखालच्या सहाही चित्रांतलं निळं गायब. प्रयोगशाळेत कुणीतरी 'रंग बिघडलेत' असं समजून मशीनवर आपोआप दुरुस्ती लावली. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, निळं मारत होतं, आम्ही नीट करून दिलं." सद्भावनेने केलेलं होतं, म्हणून आवाज चढवला नाही, पण तीन आठवडे मी त्या अर्ध्या निळ्यावर घालवले आहेत. आता ऑर्डरच्या कागदावर ठळक लिहून देणार: रंगात कसलाही बदल करू नये.

त्याच लॉटमधून कागदाचा निकाल मात्र लागला. कापसाच्या मॅट कागदावर ओला तांबडा मातकट होतो, काळा राखाडी राहतो. बरायटा या चमकदार लेपाच्या कागदावर तांबडा टिकतो, पण चकाकीमुळे पुन्हा तेच आभाळ चढतं जे मी छत्रीने अडवलं होतं. कळकलेल्या हिरव्यासाठी मॅट अप्रतिम, त्याचा पिठूळपणा बोटाला लागेल असा वाटतो. सगळ्यांना एकच कागद हा हट्ट सोडला. ओल्या पाच चित्रांना बरायटा, कोरड्या सातांना मॅट. प्रदर्शनात एका ओळीत दोन कागद चांगले दिसत नाहीत असं सांगितलं जातं. मला चालेल. ओलं आणि कोरडं एकसारखं दिसू नयेच.

२४ जुलै

मॅटच्या प्रिंट्स काकांना दाखवायला नेल्या. बोट चालवणारे तांडेलही होते. तांडेलांनी भराभर बघितल्या, "छान आहेत, पण बोट कुठाय?" म्हणाले आणि परत दिल्या. काका एकीवर थांबले.

ती माझी सगळ्यात आवडती. हिरवट राखाडी मैदान, त्यावर बारीक गोल फुगवट्यांचा पट्टा, तिरपा, पाऊस तळ्यावर पडावा तसा. खाली फळ्यांच्या सांध्याची एकच आडवी काळी रेघ. मी मनात तिला 'पाऊस' म्हणत होते.

काकांनी फुगवट्यांवरून अंगठा फिरवला, कागदावर. "ही आपल्या बोटीची?"

"हो."

"हे फुगे आतून आलेत. फळी पाणी पिऊन बसलीय. कुठं काढलास हा?"

वही काढली. पुलाकडून तिसरी बोट, डावी बाजू, मागच्या टोकापासून पाच हात, जमिनीपासून दोन हात वर. तारीख १६ जून. तिघंही तिथे गेलो. त्या जागेवर आता खरवडून झालेलं होतं, वरून काहीच दिसत नव्हतं, नुसतं तपकिरी लाकूड. काकांनी हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत ठोकत आणलं: टण, टण, टण, आणि त्या फळीवर बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द. तांडेल काही बोलले नाहीत. त्यांनी प्रिंट माझ्या हातातून परत घेतली आणि या वेळी बराच वेळ बघितली.

२६ जुलै

सुताराने फळी काढली. आतल्या बाजूने हाताच्या लांबीएवढी मऊ पडली होती, नख रुतत होतं. बंदी उठायला पाच दिवस. सागाची नवी फळी शेजारच्या गावातून आली, सांध्यात कापूस आणि राळ ठोकून भरली. आज मी फोटो काढले नाहीत, छत्री सुतारावर धरली.

काढलेल्या फळीचा बाहेरच्या बाजूचा वीतभर तुकडा तांडेलांनी कापून मला दिला.

३० जुलै

रंगाचा पहिला हात सकाळी, दुसरा दुपारी. नवा तांबडा इतका एकसंध की टिपण्यासारखं त्यात काही नाही असं आधी वाटलं. मग संध्याकाळी, ताडपत्री सोडल्यावर, जुन्या फळ्यांवर तो जरा दबलेला आणि नव्या फळीवर किंचित उजळ दिसला. सागाने रंग कमी शोषला. आडव्या दोन पट्ट्या, मध्ये सांधा, फरक एवढासा की लालची पातळी एक तृतीयांश स्टॉप जरी वर गेली असती तर तो बुडाला असता. ९ जूनला शिकलेलं कामी आलं. शेवटचं, बारावं चित्र हे.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

हर्णैला गर्दी. नारळ वाहिले. बोटी पताकांनी सजलेल्या, सगळे मोबाइल वर रोखलेले. तळ पाण्याखाली गेलेत. पाण्याच्या रेषेवर तांबड्याची बोटभर पट्टी वर दिसते, लाट आली की तीही नाही. फोटो काढला नाही. तांडेलांनी प्रसादाचं खोबरं दिलं आणि "फळी कोरडी आहे" एवढं सांगितलं.

१७ ऑगस्ट

क्रम लावला. इटलीचे छायाचित्रकार फ्रँको फोंताना शेतांचे नुसते पट्टे करतात, तेव्हाही क्षितिज कुठेतरी जमिनीची आठवण ठेवतं. तसं मी प्रत्येक चित्राचा सांधा शेजारच्या चित्राच्या सांध्याशी एका उंचीवर आणलाय. बारा चित्रं टांगली की एकच आडवी काळी रेघ भिंतभर जाईल, मोडत मोडत. काही चित्रं त्यासाठी चार बोटं खाली टांगावी लागतील. कडा जुळणार नाहीत, रेघ जुळेल.

नावं काढून टाकली, 'पाऊस'सुद्धा. चित्राखाली वहीतलीच नोंद जाईल: बोट, बाजू, टोकापासून अंतर, उंची, तारीख. त्या चित्राखाली एक ओळ जास्त, 'फळी २६ जुलैला बदलली.'

फळीचा तुकडा टेबलावर ठेवून प्रिंट शेजारी धरली. तुकडा तीन आठवड्यांत वाळलाय, हिरवा राखेसारखा झालाय, फुगे बसून सुरकुत्या पडल्यात. प्रिंट आता त्याच्यापेक्षा ओली आणि गर्द दिसते. दोन तास दोन्हीकडे आलटून पालटून बघितलं. प्रिंटला हात लावणार नाही. ती १६ जूनची आहे.

तुकडा खिडकीपासून लांब, कपाटावर ठेवला. उद्या चार आणि नऊ नंबरची पुन्हा प्रिंट काढायची, चारला बरायटा. टांगायच्या खिळ्यांची उंची मोजून कागदावर उतरवायची.